मोझांबिकला काजू फोडायला शिकवायला गेले

परत आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, तिकडे सिंह दिसला का. नाही दिसला. हत्तीही नाही. मला दिसला तो एक कोंबडा, आणि त्याच्यापायी परक्या मुलखात मी फोटोत आले. ती गोष्ट सांगतेच. पण मी तिकडे कशाला गेले ते आधी सांगते, नाहीतर हिला म्हातारपणी आफ्रिकेचं वेड लागलं असं वाटायचं.

आमचं गाव रत्नागिरीजवळ पावसच्या वरच्या अंगाला. खाली किनाऱ्याकडे हापूसच्या बागा, वर कातळावर आमचे काजू. मी चौथी शिकले. लग्नानंतर कारखान्यात काजू फोडायला जायची. गुडघे गेले तेव्हा कारखाना सोडला आणि गावातल्या बायका गोळा करून आमच्याच पडवीत शेड सुरू केली. शेड म्हणायचं आपलं. चार कटर, एक भट्टी आणि साल काढायला लांब टेबल.

आमची इथली काजूची बी मे महिन्यात संपते. मग पावसाळाभर बायकांनी काय करायचं? तर व्यापारी आफ्रिकेची बी आणून देतो, ती फोडायची. माझा धाकटा दीर बागायतदार. त्याचं म्हणणं, ही बाहेरची बी येते म्हणून आमच्या बीला भाव येत नाही. ते खरंच आहे. म्हणून बागायतदार रत्नागिरीला कलेक्टर कचेरीसमोर बसले तेव्हा दिराने मलाही नेलं, कारण बायका कमी पडत होत्या. "आफ्रिकेची बी बंद करा" म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडले. त्या दिवशी माझ्या खळ्यात आफ्रिकेचीच बी वाळत पडली होती. दिराला माहीत होतं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही नुसतं ओरडा. बी झाकून ठेवायला पोरांना सांगितलंय."

एका संस्थेची मेघना नावाची मुलगी आमच्या शेडवर यायची. ती एकदा म्हणाली, "आजी, मोझांबिकमध्ये बायकांनी शेड काढलीय. त्यांना फोडायला शिकवायचंय. येता का? खर्च संस्थेचा."

"मोझांबिक म्हणजे कुठे गो?"

"तुमच्या पडवीत ही पोती पडलीयत ना, ती जिथून येतात तिथे."

जगातल्या अगदी गरीब देशांत तो देश मोडतो, असंही तिने सांगितलं. मी विचारलं, "गरीब आहेत तर बी विकतात कशाला? गर काढून विकला तर जास्त मिळेल एवढं त्यांना कळत नाही?"

"तेच तर आहे, आजी. ते तिकडे गेल्यावर कळेल."

शिकलेली माणसं अवघड प्रश्न नेहमी प्रवासावर ढकलतात.

विमानतळ

दिवाळी आटोपून निघालो. विमानाचं काय सांगायचं? बसायचं, पाय सुजवायचे आणि उतरायचं. खरी गंमत उतरल्यावर.

कोणाकडे रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून मी आमच्या शेडचे काजूगर घेतले होते, पांढरे, अख्खे, निवडून. तिथल्या साहेबाने ते पाकीट बाजूला काढलं. मेघना इंग्रजीत बोलली, तो मोडकंतोडकं इंग्रजी बोलला, आणि ती मला म्हणाली, "आजी, काजू आत नेता येणार नाहीत. झाडांना रोग लागेल म्हणतात. कागद हवा."

"त्याला सांग, ही त्यांच्याच झाडाची बी आहे. इथून पोत्यातून आली, मी फोडली, आता परत आणलीय. माहेरी आलेल्या लेकीला कोणी कागद विचारतं का?"

मेघनाने लेकीचं सांगितलं की नाही देव जाणे. साहेबाने विचार केला आणि म्हणाला, बी इथली असली तरी फोडली तिकडे, म्हणून आता ती भारताची. भारताची म्हणून भारताचा कागद हवा.

म्हणजे आमच्या गावचा माणूस मुंबईला चार वर्षं राहिला की मुंबईकर होतो, तशी ही बी पावसाळाभर माझ्या पडवीत राहून भारतीय झाली! जाताना तिला कोणी अडवलं नाही. जहाज भरून गेली. परत यायला पावभर निघाली तर रोग झाला. पाकीट टोपलीत गेलं. माझ्या डबीतलं मेतकूट मात्र साहेबाला औषध वाटलं, ते सुटलं.

नांपुला

बाहेर इस्माईल उभा होता. हा आमचा दुभाष्या. आधी बंदरावर एका गुजराती व्यापाऱ्याच्या गोदामात काजूची पोती मोजायचा, तिथे आणि सिनेमे बघून हिंदी शिकला. त्याच्या शेठच्या आईला सगळे बा म्हणत, म्हणून मीही बा. तिकडची माणसं मात्र मोठ्या बाईला मामा म्हणतात. पहिल्यांदा कोणी "मामा" म्हणून हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण बाप्या आलाय म्हणून.

नांपुला हे तिकडचं मोठं शहर. त्याच्या भोवती असे डोंगर आहेत की मी तसे कधी पाहिले नव्हते. आपले डोंगर रांगेने, एकमेकांना धरून असतात. तिकडे सपाट जमिनीतून एकेक काळा उघडा खडक एकदम वर आलेला, शेजारीपाजारी कोणी नाही. भावकीत भांडून वेगळे राहायला गेल्यासारखे. माती मात्र आपलीच, तांबडी. साडीच्या काठाला पहिल्या दिवशीच लागली तेव्हा बरं वाटलं. माड आहेत, काजू आहेत, आंबेही आहेत. आंबा खाल्ला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, पाहुणी होते.

बाजारात गेलो तर जमिनीवर कपड्यांचे ढीग. सगळे वापरलेले, दूरच्या श्रीमंत देशांतून गठ्ठे बांधून येतात. लोक तेच घेतात, स्वस्त पडतात. गाडीतून येताना रस्त्याच्या कडेला कापसाची शेतं दिसली होती. मी इस्माईलला विचारलं, "कापूस इथे पिकतो, मग कापड कुठे होतं?"

"कापड इंडिया से, चायना से आता है, बा."

"आणि शर्ट?"

"शर्ट गोरा लोग पहन के छोड़ता है, फिर आता है."

तिकडच्या बायका कमरेला छापील कापड गुंडाळतात, रंग असे की नजर ठरत नाही. मला एक आवडलं म्हणून आठवणीसाठी घेतलं. मेघनाने त्याचा कोपरा उलटून दाखवला. भारतात छापलेलं. मग ते घेऊन आलेच, परत त्याच्या गावी पोचवायला.

रोझाची शेड

रोझाचं गाव शहरापासून बरंच आत. शेड मातीची, वर पत्रा, आतून नुकतीच चुना फासलेली. रोझा माझ्याच वयाची, उंच, कमरेत जरा वाकलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. इस्माईल चाचरला.

"काय म्हणते? सरळ सांग."

"बोलती है, हमारा काजू खा के ये इतनी ही मोटी हुई?"

मला बाई पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. मी कटरवर बसले. एका हाताने दांडा दाबायचा, पायाने खालची पाती, टरफल दोन बाजूंना आणि गर अख्खा बाहेर. बायका गोल करून बघत होत्या. मी फोडून दाखवले. बरे फोडले. मग रोझा शेजारच्या कटरवर बसली. मला वाटलं, आता ही बोट कापून घेईल. तिने माझ्याकडे बघतच फोडायला सुरुवात केली. हाताकडे नाही, माझ्याकडे. टकाटक. माझी एक बी होईपर्यंत तिच्या पुढ्यात ढीग. तिच्या गरांत तुकडाही नव्हता. माझ्यात होता.

मी मेघनाकडे पाहिलं. मेघना वहीत काहीतरी लिहायला लागली.

"इस्माईल, हिला विचार, तू कुठे शिकलीस?"

रोझाने कटर थांबवला नाही. बोलत राहिली आणि इस्माईल मागून सांगत राहिला. तिच्या तरुणपणी बंदराजवळ मोठा काजू कारखाना होता. तिच्यासारख्या बायकांची रांग लागायची. इथल्या सरकारने कच्ची बी बाहेर न्यायला मोठी जकात लावलेली, म्हणून बी देशात राहायची आणि कारखान्याला मिळायची. मग देशाला कर्ज देणारे लोक आले. ते म्हणाले, व्यापार मोकळा करा, जकात खाली आणा, शेतकऱ्याला भाव मिळेल. गरीब देश, कर्ज हवं होतं, जकात खाली आणली. बी जहाजात बसून तुमच्याकडे गेली. कारखान्याला बी मिळेना. एक दिवस बायका कामावर गेल्या तर फाटकाला कुलूप. पुढे सरकारने जकात परत बसवली, तोवर यंत्रांतून झाडं उगवली होती.

"शेतकऱ्याला भाव मिळाला का?" मी विचारलं. दिरासाठी विचारलं.

"व्यापाऱ्याला मिळाला," रोझा म्हणाली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता बघून काय उपयोग? मी काय होडीत घालून पळवली होती बी? पोत्यावर परकी अक्षरं असायची, ती आम्हाला वाचता येत नव्हती. बी आली की फोडायची, एवढंच माहीत. तसं मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की ही बी बंद करा म्हणून मी स्वतः कलेक्टर कचेरीसमोर ओरडून आले आहे.

इस्माईलने ते सांगताच रोझाचा कटर पहिल्यांदा थांबला. "तुम्हाला बी नको आहे?"

"माझ्या दिराला नको आहे."

"आम्हालाही ती द्यायची नाही!" रोझा म्हणाली. "मग जाते कोणाकडे?"

माझी पडवी डोळ्यांसमोर आली.

हातमोजे

शिकवायचं काही उरलं नव्हतं, तरी परतीचं तिकीट ठरल्या तारखेचंच होतं. आणि गावात गडबड होती. युरोपातून खरेदीदार येणार होता. त्याने शेड पास केली तर बायकांचे गर तिकडे जाणार आणि शेड चालणार. नापास केली तर सगळी बी कच्चीच बंदरावरच्या व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये. ट्रक ठरलेलाच होता. शेडच्या बायका त्या ट्रकचं नाव काढत नसत, नुसतं रस्त्याकडे हनुवटी करत.

मी मेघनाला म्हटलं, "युरोप सोड. आमच्याकडेच का विकत नाहीत गर? आपल्याकडे लग्नात नुसत्या भाजीत किती जातो."

"आपल्याकडे बाहेरून गर आणायला भारी जकात आहे, आजी. कच्ची बी आणायला सूट. आपल्या शेड चालाव्यात म्हणून."

"आणि गोरे?"

"ते इतक्या गरीब देशाकडून जकात घेत नाहीत. पण त्यांचे स्वच्छतेचे नियम आहेत."

म्हणजे आमच्या दारात जकात, त्यांच्या दारात तपासणी, आणि कच्ची बी मात्र आमच्याकडे चप्पल घालून आत.

ते नियम शेडच्या भिंतीवर चिकटवले होते. डोक्याला टोपी. बांगडी नको. पाणी तपासलेलं. कच्चा माल कोणत्या झाडांचा ते दाखवता आलं पाहिजे. कोवळी बी घेतली नाही याचा पुरावा. पक्षी-प्राणी आत दिसता कामा नयेत. आणि हातमोजे. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी जळते, म्हणून आम्ही हाताला गोडं तेल लावतो, तिकडे राख लावतात. दोन्ही चालणार नाही, रबराचे मोजे हवेत. मोजे घातले की बी बोटाला कळत नाही आणि गर फुटतो. फुटलेला गर चालणार नाही, हा पुढचा नियम. मी मोजे घालून बसले तर पहिल्याच घावाला मोजा कापला आणि रबराचा तुकडा गरात. रोझा इतकी हसली की तिची टोपी पडली. मग तीही नियमात बसत नव्हती.

ओले काजू

आता माझी चूक. रोझाच्या घरामागे झाडांवर मोहोर, कोवळी बी आणि पिकलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, एकाच वेळी होते. हिरवी, टपोरी, ओली बी. ती बघून माझं डोकं फिरलं. रोज मक्याच्या पिठाचा गोळा आणि सुकी मासळी खाऊन कंटाळले होते. मासळी वाईट नव्हती, हर्णै बंदरात मिळते तशीच, पण रोज? म्हटलं, बायकांना काही शिकवता येत नाही, निदान ओल्या काजूगरांची उसळ करून घालावी. नारळ होता, मिरची होती, गरम मसाला मी नेला होता. सकाळी सगळ्या शेडवर असताना आकडीची काठी घेतली आणि टोपली भरून हिरवी बी काढली.

मला काय माहीत, तिकडे झाडावरची बी काढत नाहीत! ती पिकून आपोआप खाली पडायची, मग वेचायची. पिकायच्या आधी कोणी तोडली तर त्या गावात चोरीहून मोठा गुन्हा. हिरवी बी पोत्यात मिसळली की सगळ्या गावाच्या मालाचं नाव खराब होतं, म्हणून त्यांच्या गावकाराने फार पूर्वीपासून तसं ठरवून दिलंय. गावकार, म्हणजे गावचा प्रमुख, हा आपला कोकणातला शब्द. तिकडे त्याला काय म्हणतात ते मी विसरले.

एका बाईने मला आकडीसकट पाहिलं आणि बोंब मारली. रोझा धावत आली. टोपली बघून तिने कपाळाला हात लावला. हात लावण्याची रीत तिकडेही तीच.

"उद्या खरेदीदार येतोय!" ती म्हणाली. "आजच सापडलं तुला?"

गावकार आला. म्हातारा, काठी, अंगात कुठल्यातरी शाळेच्या खेळाचा वापरलेला लाल शर्ट. झाडाखाली बसला. मला समोर उभं केलं.

"ही बी का तोडलीस?"

"खायला."

"कच्ची?"

"शिजवून. आमच्याकडे पाहुण्याला करतात."

"झाडावर किती दिवस राहिली असती तर पिकली असती ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण पिकली असती तर उसळ झाली नसती."

हे बायकांना पटलं असं मला वाटलं, पण गावकाराला नाही. त्याने दंड सांगितला, एक कोंबडा. पाहुणी असली तरी सूट नाही. मला ते आवडलं. आमच्याकडे पाहुणीला सूट देतात आणि पाठीमागे वर्षभर बोलतात.

इस्माईल बाजारात गेला आणि बर्फातली सोललेली कोंबडी घेऊन आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातली, गावठी कोंबडीपेक्षा स्वस्त. गावकाराने ती पिशवी काठीने ढकलली. "ही कोणत्या गावची? हिचा मालक कोण? ही आरवते का?" शेवटी शेजारच्या वाडीतून जिवंत कोंबडा आणला, तांबडा, तुऱ्याचा, माझ्यासारखाच तापट. संध्याकाळ झाली होती म्हणून शेडमागे खुंट्याला बांधला, सकाळी गावकाराला द्यायचा.

तोडलेली बी तर परत झाडाला लावता येत नव्हती. उसळ केली. गावकाराने न्याय केल्यावर दोनदा वाढून घेतली आणि म्हणाला, चव चांगली आहे पण दंड कायम.

खरेदीदार

सकाळी बायकांनी शेड धुतली. टोप्या घातल्या. मी आणि मेघना बाहेर उभ्या. खरेदीदाराची गाडी आली, त्याने हॉर्न वाजवला आणि कोंबड्याने दोरी तोडली.

तो सरळ शेडमध्ये गेला. निवडलेले गर टेबलावर मांडले होते, त्या टेबलावर चढला. सात-आठ बायका हातमोजे घालून त्याच्यामागे. मोज्यांत कोंबडा धरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. रोझा एकाच जागी उभी होती आणि दात आवळून माझ्याकडे बघत होती. कोंबडा पोत्यांवरून उडाला, नियमांच्या कागदावर आपटला आणि दारातून बाहेर पडताना खरेदीदाराच्या दोन पायांतून गेला.

खरेदीदार उंच, उन्हाने लाल झालेला, घामाने भिजलेला. त्याने आत पाहिलं, टेबलावर पडलेलं कोंबड्याचं पीस उचललं आणि मेघनाला इंग्रजीत म्हणाला, मला वाईट वाटतं, पण पक्षी आत असेल तर मी पुढे बघूच शकत नाही. नियम.

इस्माईलने बायकांना सांगितलं. रोझाने डोक्यावरची टोपी काढली आणि तिची घडी घालायला लागली. रस्त्याकडे कोणी हनुवटी केली नाही. गरज नव्हती.

तेवढ्यात गावकार आला. कोंबडा त्याच्या काखेत. रस्त्यात आयता सापडला होता. तो खरेदीदारावरच खेकसला, "हा कोंबडा शेडचा नाही. माझा आहे. दंडाचा आहे."

"कसला दंड?" खरेदीदाराने विचारलं.

"झाडावरची कोवळी बी तोडली म्हणून."

खरेदीदार गाडीकडे निघाला होता, तो थांबला. "कोवळी बी तोडली की इथे दंड होतो? नेहमी?"

"माझ्या बापाच्या वेळेपासून."

"खरंच घेता? कोणाकडून घेतला?"

गावकाराने काठी माझ्याकडे केली. "हिच्याकडून. परदेशी असली तरी सोडली नाही."

खरेदीदार मेघनाशी भराभर बोलायला लागला. मेघनाचे डोळे मोठे झाले. "आजी, कोवळी बी घेत नाही याचा पुरावा कोणतीच शेड देऊ शकत नाही म्हणे. सगळे नुसतं लिहून देतात. तो म्हणतो, इथे गुन्हेगार समोर उभा आहे."

"मग?"

"तुमचा फोटो हवाय. कोंबड्यासकट."

अशी मी कोंबडा धरून, एका बाजूला गावकार आणि दुसऱ्या बाजूला रोझा, फोटोला उभी राहिले. खाली माझं नाव आणि गुन्हा लिहून तो कागद युरोपात गेला. आमच्या घराण्यात आजवर कोणी युरोपात गेलं नव्हतं.

मग तो आत गेला. गर तपासले, फोडून बघितले, वास घेतला. रोझाच्या हाताचे गर, त्यात काही सापडलं नाही. तरी सगळं पास केलं नाही त्याने. थोडाच माल घेईन, म्हणाला, पहिल्या खेपेला म्हणून. खिडक्यांना जाळी लावा, दाराला जाळी लावा, शेड परत धुवा, कोंबडा बाहेर ठेवा. पुढच्या हंगामात परत येऊन बघेन आणि ठीक असेल तर सगळा घेईन. रोझाने घडी केलेली टोपी उघडून परत डोक्यावर घातली.

जेवायला थांबा म्हटलं तर तो नको म्हणाला. विकणाऱ्याकडचं काही खायचं नाही, हाही नियम. गावकाराने इस्माईलला विचारलं, "याला घरी कोण जेवायला घालतं? तेही काहीतरी विकत असतील ना?" इस्माईलने हे सांगितलं नाही.

निघताना

माझ्या शेवटच्या दिवशी ट्रक आला. रोझाने जाळीचं काम सुरू केलं होतं, पण एवढ्या बीचे गर घेणारा कोणी नव्हता, म्हणून उरलेली सगळी बी कच्चीच द्यावी लागली. आम्हीही त्याच ट्रकमधून नांपुलापर्यंत जाणार होतो, ड्रायव्हरशेजारी बसून. पोती चढत होती आणि मी आणि रोझा पायरीवर बसून बघत होतो.

"ही तुझ्याकडे जाणार," रोझा म्हणाली.

"माझ्याकडे की आणखी कोणाकडे, पोत्यावर लिहिलेलं नसतं."

"घेऊन जा. या वर्षी घेऊन जा. पुढच्या वर्षी थोडी. मग नाही."

मी तिला खरं ते विचारलं, कारण आमच्या वयात लाजून काही मिळत नाही. "तुझी शेड चालू दे, चांगलंच आहे. पण मग पावसाळ्यात माझ्या बायकांनी काय करायचं?"

रोझाने थोडा विचार केला आणि काहीतरी म्हणाली. इस्माईल हसायला लागला. मग माझं तोंड बघून हसणं आवरलं.

"सांग की."

"बोलती है, सो जाओ. हम लोग इतने साल सोया, हमारा नींद पूरा हो गया."

मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आला. मग मीही हसले. रोझाने मला गाडीत चढायला हात दिला, आणि हात चांगलाच दाबला. कटर दाबून दाबून तिच्या तळव्याला माझ्यासारखेच घट्टे पडलेत.

घरी आल्यावर दिराने विचारलं, "वहिनी, काय, बी बंद होणार का?" म्हटलं, "होईल हळूहळू. तुझ्या ओरडण्याने नाही." तो खूश झाला. मग पडवीत बायका जमल्या, त्यांना मी रोझाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. कोणी हसलं नाही. मग आमच्यातली एक म्हणाली, "काकी, तुम्ही पण तिला एवढं चांगलं शिकवायला नको होतं."

मी तिला काहीही शिकवलं नाही, हे मी तेव्हापासून सांगतेय. विश्वास कोणाचाच बसत नाही.